कळकलेली धार
सुकत्या मोहफुलांचा वास आला की सातपुड्याच्या पायथ्याचं एक लग्नघर आठवतं. महाराष्ट्र नुकताच झालेला, मी तिथं नवा मास्तर. नवरीची आई अंगणात मोहाची दारू गाळत होती. मडकं फुटल्यानं तांब्याचं भांडं उसनं आणलेलं. पहिली बाटली तिनं उन्हात धरली, हिरवट दिसली, तशी सगळी मातीत ओतली. तिचा भाऊ ओरडला, "वऱ्हाडी येऊन राह्यले, काऊन सांडली वो?" "तांब्यात कळकली ना! कोणाले बाधली तं?" म्हणत तिनं कुंभाराकडून नवं मडकं आणवलं आणि त्यात पुन्हा मोह चढवला. पाहुणे दुपारभर ताकावर थांबले. कारण कळल्यावर नवरदेवाचा बाप म्हणाला, "अशा घरची पोरगी आमच्या घरी येऊन राह्यली, अजून काय पाह्यजे?" पुढं मी मोठमोठे कारखाने पाहिले, पण आपलाच माल इतक्या सहज ओतून देणारं माणूस पुन्हा दिसलं नाही.