मिस्बाह बोट दाखवत नव्हती

लोधिवलीच्या नाक्यावर अकरमचं मिक्सर आणि पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस कमी बोलणारा. मोटर चालू करून नुसता कान देतो आणि बेअरिंग गेलंय की कॉइल जळलीय ते सांगतो. मिस्बाह त्याची एकुलती एक मुलगी. ती दोन वर्षांची झाली त्या सुमारास त्याला पहिल्यांदा धास्ती वाटली.

मुलगी निरोगी, चालायला वेळेवर लागलेली. रडणं नाही, हट्ट नाही. शेजारच्या चहावाल्याचा किरण तिच्याच वयाचा. टेंपो गेला की तो बोट दाखवी, कुत्रं दिसलं की बोट दाखवी, आणि बापानं पाहिलं का म्हणून त्याच्या तोंडाकडे बघे. मिस्बाहनं कधीच काही दाखवलं नाही. बिस्किट हवं असलं की ती अकरमचं मनगट धरून त्याचा हात बरणीवर नेऊन ठेवी, त्याच्याकडे न बघता. लोक म्हणत, बापाची लाडकी हो. अकरमला वाटे, आपण पक्कड उचलतो तसा हिनं माझा हात उचलला.

घरी त्यानं विषय काढला तर त्याची आई म्हणाली, मुलीच्या जातीनं असंच मुकाट असावं. हमिदा, त्याची बायको, भाकरी थापत राहिली. तिच्या बहिणीचा मोहियुद्दीन दीड वर्षाचा असताना असाच हाकेला वळत नव्हता, वस्तू फेकायचा. तेव्हा सगळं घर त्याला घेऊन डॉक्टरकडे धावलं होतं. अकरमनं त्याची आठवण करून दिली.

"तो पोरगा हाय," हमिदा म्हणाली. "पोरीला असलं नाव पडलं का जल्मात निघत नाय."

दोन महिने त्यानं पुन्हा तोंड उघडलं नाही. पण दुकानात तो तिच्या मागे उभा राहून हाक मारी, मग मुद्दाम डबा आपटी. डब्याला ती दचके, हाकेला वळत नसे. म्हणजे कान शाबूत होते.

एका मंगळवारी, लस राहिलीय असं खोटंच सांगून तो तिला पनवेलला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाई बराच वेळ मिस्बाहपाशी जमिनीवर बसल्या. मग त्यांनी विचारलं, झोप कशी आहे, आई दिसल्यावर हसते का, दुपारी घरी काय करते. अकरमला निम्म्याची उत्तरं येईनात. आई का आली नाही, या प्रश्नावर त्यानं खरं ते सांगितलं. ऑटिझम असू शकतो, बाई म्हणाल्या, पण अर्ध्या माहितीवर त्या काही ठरवणार नव्हत्या. मुली त्यांच्याकडे उशिरा येतात, कारण शांत म्हणून कौतुकच होत असतं. पुढच्या मंगळवारी दोघांनी यायचं होतं.

घरी पोहोचताच हमिदानं मुलीचे दंड पाहिले, मग मांड्या. सुईची खूण कुठेच नव्हती.

"कुठं नेली होती?"

त्यानं सांगितलं. ती मुलीला घेऊन आत गेली आणि कडी लावली. त्यानंतर पाच दिवस ती ताट वाढून ठेवी आणि निघून जाई. सोमवारी संध्याकाळी त्यानं एवढंच सांगितलं की उद्या नऊच्या एसटीनं तो मिस्बाहला नेणार आहे.

सकाळी तो थांब्यावर गेला तर हमिदा मुलीला कडेवर घेऊन आधीच उभी होती. तिघं पनवेलला पोहोचली. बाईंनी पहिला प्रश्न विचारला आणि मग मात्र ती थांबेचना. वर्षाची झाल्यापासून हिला नवा कपडा अंगावर सोसत नाही, अंग ओरबाडते. माहेरी नेली की कोपरा धरते. मी चार दिवस आजारी होते, दवाखान्यातून परत आले तर हिनं मान वर केली नाही. अकरमला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"एवढं दिसत होतं तर बोलली का नाय?"

"समदी म्हनत होती, किती गुनाची पोर. मी आई असून नाय कसं म्हनू?"

निदान पक्कं व्हायला आणखी दीड महिना गेला. मिस्बाह आता साडेतीन वर्षांची आहे. आठवड्यातून दोनदा हमिदा तिला थेरपीला नेते. थोडे शब्द आलेत, काही येऊन पुन्हा गेले. गेल्या महिन्यात खोपोलीला एका लग्नात अकरमची आई पाहुण्यांना सांगत होती, पोर लाजाळू आहे. लाजाळू नाही, तिला ऑटिझम आहे, हमिदा सगळ्यांदेखत म्हणाली. मग ती मुलीला मांडीवर घेऊन तिथंच बसून राहिली.