स्पेनच्या पाहुणीचं इंग्रजी

माझ्या इंग्रजीबद्दल मोहर्लीत बरं मत आहे. ते तसंच राहावं म्हणून मी इंग्रजी जपून वापरते. वेलकम, टी, हॉट वॉटर, टायगर टुमारो. पोराने घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या, तेव्हापासून एवढ्याच भांडवलावर माझं चाललं आहे.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी स्पेनची एक पाहुणी आली, वयानं माझ्याच जोडीची. पहिल्याच सफारीला जिप्सीतून उतरताना तिचा पाय मुरगळला. सोबतचे लोक वाघ शोधायला गेले की ती आमच्या अंगणात, पाय स्टुलावर ठेवून बसून राही. बाजूला मी मोहफुलं वाळत घाली. तिच्या मांडीवर इंग्रजी शिकवणारं पुस्तक असे, आणि त्यात एकसारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या जोड्या. ती त्या पुटपुटत राही, डोळे मिटून, आपल्याकडे पाढे म्हणतात तशी.

त्यातली किचन आणि चिकन ही जोडी तिला काही केल्या सुटत नव्हती. एकदा तिने माझ्या सुनेला सांगितलं, "युवर चिकन इज व्हेरी ब्यूटिफुल." सून अंगणातल्या कोंबडीकडे बघत राहिली.

"मामी, ही कोंबडी मागून राह्यली का?" सुनेनं मला विचारलं. आमच्याकडे सून सासूला मामी म्हणते.

"नाई गं. तुया सैपाकघराले चांगलं म्हणते ते."

"मंग तसं सांगाव ना. मी तर सुरी शोधत होती."

पाहुणीचं म्हणणं होतं, की सगळ्यात जास्त दगा तिची स्वतःचीच भाषा देते. इंग्रजीतल्या एक्झिटसारखाच दिसणारा शब्द स्पॅनिशमध्ये आहे, त्याचा अर्थ यश. पेरेंट्ससारखाही आहे, त्याचा अर्थ नातेवाईक. तिच्या लग्नात म्हणे बसभर पेरेंट्स आले होते. तिने हे सांगितलं तेव्हा आम्ही तिघी हसलो, पण हसून झाल्यावर ती पुन्हा पुस्तकात डोकं घालून बसली.

मी विचारलं, या वयात एवढा अभ्यास कशाला. तेव्हा हातांनी, फोनमधल्या फोटोंनी आणि आमच्या दोघींच्या मोडक्या इंग्रजीनं तिने सांगितलं. मुलगा आयर्लंडला असतो. नातू सहा वर्षांचा, त्याला फक्त इंग्रजी येतं. इथून परतली की ती कायमची त्यांच्याकडे राहायला जाणार होती. दर रविवारी फोनवर नातू दिसे. आधी तो तिच्या चुकांना हसायचा. आता हॅलो म्हणतो आणि पळून जातो. एका घरात राहायचं आणि नातू बोलणार नाही, या धास्तीनं तिने ते पुस्तक धरलं होतं. येत्या रविवारी एकही चूक करायची नाही, असा तिचा निश्चय होता.

हा निश्चय माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

मोहर्लीला आम्ही फार पुढे आलो; लग्न होऊन मी चंद्रपूरहून पार राज्याच्या टोकाला, सिरोंच्याकडे गेले, तेव्हा मॅट्रिक पास होते. एवढी हुशार मुलगी त्या घराला मिळाली याचं मला फार कौतुक वाटे. घराला तसं काही वाटल्याचं दिसलं नाही. घरात तेलुगू. सासऱ्यांना भात वाढत होते, ते हात आडवा धरून "चालु, चालु" म्हणाले. चालू ठेव म्हणतात असं समजून मी वाढत गेले. तेलुगूत चालु म्हणजे पुरे. सासूने पालु आणायला सांगितलं, तर ही मॅट्रिक पास बाई भिंतीवर पाल शोधत उभी. तिला दूध हवं होतं.

मग मी माझ्या अकलेनं ठरवलं, की तेलुगू पक्की येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मनात वाक्य रचायचं, तपासायचं, तोवर घरातलं बोलणं भलतीकडे गेलेलं असे. सून मुकी आणली काय, असं शेजारणी विचारू लागल्या.

मोह पडायला लागला तशी सासू पहाटे मला झाडाखाली घेऊन गेली. मोह वेचणाऱ्या बाया गप्प राहत नाहीत. वाकलेलं माणूस जनावराला माणूस वाटत नाही, म्हणून वेचता वेचता हाका देत राहायचं. हाक दिली की दुसरीने ओ द्यायचीच. ओ आली नाही तर टोपली टाकून धावायचं. सासूने हाक दिली. मी मनात वाक्य तपासत होते. ती धावत आली, माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि तेलुगूत जे बोलली ते मला त्या दिवशी शब्दही न कळता समजलं. त्यानंतर मी तोंडाला येईल ते बोलत सुटले. मराठीत, चुकीच्या तेलुगूत. एकदा तर नुसते पाढे म्हटले. ती दर वेळी ओ देई.

हे सगळं पाहुणीला सांगण्याइतकं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं. मी वाघ झाले, वाकून वेचून दाखवलं, हाक दिली, स्वतःच्याच पाठीत धपाटा घातला. ती पोट धरून हसली. तिला कितपत कळलं, कोण जाणे.

रविवारी दुपारी फोन लागला. पाहुणी केस विंचरून, पाठ ताठ करून बसली. नातू दिसला. हॅलो म्हणाला. तिने तोंड उघडलं आणि तशीच थांबली, बहुतेक मनात जोडी तपासत असावी. पोरगं खुर्चीवरून उतरायला लागलं.

तेव्हा मी मागून हाक दिली. मोहाखालची, लांब, पूर्ण गळ्याची. कोंबड्या उडाल्या.

पोरगं थबकलं. काय आहे, कोण आहे, असं काहीतरी त्याने विचारलं. पाहुणीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि सांगायला लागली. टायगर, फ्लॉवर, मॉर्निंग. मध्ये चिकनही आलं, ते तिथे का आलं देव जाणे. तिने टोपलीतलं फूल उचलून फोनपुढे धरलं. नाव काय, त्याने विचारलं. तिने मला विचारलं. "मोह," मी म्हटलं. इंग्रजी नाव मला येत नव्हतं. पोराने तो शब्द म्हणून बघितला, पाहुणीने म्हणून बघितला, दोघांचाही चुकला. मग त्याने तिकडून हाक दिली, बारीक आवाजात. पाहुणीने ओ दिली. पुन्हा हाक, पुन्हा ओ. तिकडे मागून त्याची आई काहीतरी ओरडली, तरी तो थांबेना.

सून दारात येऊन उभी राहिली. "मामी, हे काय करून राह्यले हे दोघं?"

"मोह वेचून राह्यले."

शेवटी पोरानं तोंड अगदी फोनला लावून काहीतरी भरभर सांगितलं. त्याच्या घरामागे रात्री फॉक्स येतो, आजी राहायला आली की आपण दोघं मिळून हाका मारू, एवढं मला उमगलं. फॉक्स म्हणजे कोणतं जनावर, ते पाहुणीला आठवेना. तिने वळून माझ्याकडे बघितलं. मलाही येत नव्हतं. पुस्तक स्टुलाखाली पडलेलं होतं, ते उचलायला ती वाकली नाही.

"यस," ती पोराला म्हणाली, "यू अँड मी."