लिंबाजी मिस्त्री आणि बोटीची मशीन

बातमी आली तेव्हा मी नळदुर्गच्या एका धाब्यावर भाकरी मोडत होतो. सोलापूरहून परत येत होतो. फोनवर आमच्या मच्छीमार संस्थेचा चिटणीस म्हणाला, "अध्यक्ष, मुरुमचे लिंबाजी मिस्त्री गेले. काल माती झाली." मी 'अरेरे' म्हणालो, वय विचारलं, आजार विचारला, जे विचारायचं असतं ते सगळं विचारलं. पण खरं सांगतो, फोन ठेवल्यावर मनात पहिला शब्द आला तो 'सुटलो'. एक चांगला माणूस गेला आणि मला सुटल्यासारखं वाटलं! त्या शब्दाची लाज अजून जात नाही. दीड महिना झाला, म्हणून आता लिहायला बसलो आहे.

मुरुमच्या बाजारात, मोंढ्याकडे वळताना, मिस्त्रींचं पत्र्याचं शेड होतं. फवारणीचे पंप, जुनी डिझेल इंजिनं, गिरणीची मोटर, जे बंद पडेल ते सगळं दुरुस्त करायचे. उंचीनं बेताचे, अंगात खाकी सदरा, आणि बोलणं इतकं हळू की इंजिन चालू असलं तर त्यांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागायचा. गिऱ्हाईक आलं आणि "कार्बोरेटर गेलाय बघा" म्हणालं, की ते हसायचे. "रोग सांगा, औषध सांगू नगा." मग पान्याचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटायचे. खोललेला प्रत्येक भाग जुन्या लुगड्यावर ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं मांडायचे, आणि त्या लुगड्याला कुणी पाय लावलेला त्यांना खपायचा नाही. तेवढ्यापुरता मात्र त्यांचा आवाज चढायचा.

आमच्या तलावावर बहुतेक जण थर्माकोलच्या तराफ्यावर बसूनच जाळी टाकतात. संस्थेची मोठी बोट एकच, आणि तिच्या मागं लावायची पेट्रोलची मशीनही एकच. पाव शतक चाललेली ती मशीन एके उन्हाळ्यात दम टाकायला लागली. शहरातला दुकानदार म्हणाला, भंगारात द्या, नवी घ्या. कमिटीतल्या पोरांनाही नवीच हवी होती. मी मास्तर माणूस, शाळा सुटली तरी हट्ट सुटला नव्हता. म्हटलं, आधी लिंबाजींना दाखवू. त्यांनी स्पार्क प्लग काढला, भोकावर अंगठा दाबला आणि मला दोरी ओढायला लावली. तीनदा ओढली. अंगठ्याला न जुमानता हवा जोरात फुस्सकन सुटली तसं त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "नवी घ्यायची तर खुशाल घ्या, अध्यक्ष. म्या आडवा येनार न्हाय. पर हिचं हाड लई चांगलं हाय. रिंगा, सील, आतलं रबर बदललं तर अजून धा वर्सं काढंल." एवढं ऐकून मी कमिटीत जाऊन भांडलो. टेबलावर हात आपटून म्हणालो, ही मशीन बंद पडली तर अध्यक्षपद सोडीन. गरज नव्हती हो एवढं बोलायची!

सहा आठवडे त्यांनी तिच्यावर घालवले. मग एका सकाळी शेडमध्ये निळं पिंप काठोकाठ भरलं, त्याच्या काठाला मशीन अडकवली आणि दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार उडायला लागली. त्यांनी माझा हात धरून त्या धारेखाली नेला. "ही धार बघायची. आत रबराचं चक्र हाय, ते पानी वढून मशीन गार ठेवतं. पान्याबिगर एक मिनिट बी चालवू नगा. मासाच समजा हिला." मी म्हणालो, "अहो मिस्त्री, मासे पकडणाऱ्यालाच सांगताय व्हय?" दोघंही हसलो.

पुढची चूक आमच्याच लोकांना सुचावी अशी आहे. खंडेनवमीला आमच्याकडं नांगर, विळे, जाळी, मोटरसायकल, सगळ्यांची पूजा होते. नव्या जोमाच्या मशीनची तर व्हायलाच हवी. तलावाच्या काठावर लाकडी घोडीवर ती चढवली, हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. तालुक्याहून पाहुणे बोलावले होते. मिस्त्रींनाही बोलावलं होतं, पण दसऱ्याला ते न चुकता नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, ते आदल्या दिवशीच निघाले होते. नारळ फुटला आणि पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं, "अध्यक्ष, आवाज तर ऐकवा!" माझी छाती फुगली. दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला सुरू! लोकांनी टाळ्या वाजवल्या. आरती होईपर्यंत ती तशीच चालू ठेवली, कोरडी, झेंडूच्या हारासकट. जळकट वास आला तो मला उदबत्तीचा वाटला... नाही, तसं नाही. वाटून घेतला. काठावरच्या त्या पन्नास माणसांत धारेचं ठाऊक असलेला मी एकटाच होतो, आणि पाहुण्यांसमोर मशीन बंद करणं मला कमीपणाचं वाटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन तलावाच्या मध्यावर तापून जाम झाली. चौघांनी वल्ही मारत, शिव्या देत बोट काठाला आणली. संध्याकाळी कमिटी बसली. एक म्हणाला, मिस्त्रीचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. दुसरा, आमच्यातलाच, त्याहून वाईट बोलला. म्हणाला, त्या लोकांच्या हाती मशीन द्यायचीच नव्हती. मी अध्यक्षाच्या खुर्चीत बसलो होतो. आयुष्यभर पोरांना समतेचे धडे शिकवले होते. त्या माणसाला मी गप्प केलं नाही. उलट मान हलवली, कारण दोष मिस्त्रीकडं जात होता आणि माझी खुर्ची वाचत होती.

नागपूरहून आल्या आल्या लिंबाजी एसटीनं तलावावर आले. सगळ्यांसमोर मशीन खोलली. आतून रबराचा नुसता काळा चुरा निघाला. तो त्यांनी तळहातावर घेतला, नाकाशी नेला, आणि मला चार पावलं बाजूला घेतलं. "अध्यक्ष, कुठं कोरडी चालली व्हती का?"

"न्हाई बुवा," मी म्हणालो.

त्यांनी चुऱ्यावर मूठ मिटली. "बरं... मंग म्याच कुठंतरी चुकलो आसंल." आणि परत जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यांच्या मानानं मोठ्यानं म्हणाले, "चूक माझी हाय. मशीन घेऊन जातो, नीट करून देतो." टेम्पोत मशीन चढवताना कुणीही हात लावला नाही. मीही नाही.

आम्ही नवी मशीन घेतली. मुरुमच्या बाजारात मात्र बोलणं पसरलं, की मिस्त्रीनं बोटीचं वाटोळं केलं. आधी गिरणीवाल्यानं काम दुसरीकडं नेलं, मग फवारणीचे पंप यायचे कमी झाले. हे सगळं मला कळत होतं. माझ्या एका वाक्यानं ते थांबलं असतं. ते वाक्य बोलायला मी दोन वर्षं लावली, आणि माणूस गेला. मुरुमला काम निघालं की मी मोंढ्याकडून न जाता वळसा घालून जायचो. हा लेख मुरुममध्ये वाचला जाईल म्हणून इथं सरळ लिहितो: मशीन मी कोरडी चालवली. लिंबाजी मिस्त्रींच्या कामात काडीची खोट नव्हती.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. मिस्त्रींच्या पत्नी शेवंतावहिनींनी पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली. जे बोलायला गेलो होतो ते सोडून हवापाण्याचं बोलत राहिलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "तुमची मशीन न्यायची ऱ्हायलीय." मागच्या पत्र्याखाली निळं पिंप होतं, आणि त्याच्या काठाला स्वच्छ पांढरं फडकं पांघरलेली आमची मशीन. "त्याच साली तयार केली त्यांनी. म्या म्हनलं, निरोप धाडा. तर म्हनले, न्हाय, अध्यक्ष आपून येतील."

मी फडकं काढलं. रंग दिलेला, दोरी नवी. काय करावं ते सुचेना, म्हणून नुसता हात पुढं केला आणि दोरी धरली.

"थांबा, थांबा!" वहिनी जवळजवळ ओरडल्या. "पिंपात पानी न्हाय." मग आवाज उतरवून, लाजल्यासारखं म्हणाल्या, "सांगून गेलेत त्ये. अध्यक्ष आले तर आधी पिंप भर म्हनले. त्यास्नी घाईत पान्याचं ध्यान ऱ्हात न्हाय."

त्यांनी घागर उचलली. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि नळावर गेलो. पिंप भरायला नऊ खेपा लागल्या. सदरा भिजला, कंबर धरली, तरी मी त्यांना हात लावू दिला नाही. मग दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला सुरू झाली.

"वहिनी, त्या दिवशी ती मी कोरडी चालवली होती," मी म्हणालो. मशीनच्या आवाजात ऐकू गेलं की नाही, कळेना, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणालो.

"व्हय," त्या म्हणाल्या. "धार बघा."