रोमन सम्राटाला कडी

कंपनीनं बाबांना स्वेच्छानिवृत्ती दिली. त्यात स्वेच्छा कंपनीची होती. मग मोकळ्या वेळात ते जुन्या बाजारात जाऊ लागले आणि एक दिवस चांदीचं लहानसं नाणं घेऊन आले. ‘रोमन आहे,’ म्हणाले. आईनं विचारलं, ‘कशावरून?’ बाबांनी नाणं माझ्यापुढे धरलं.

मी तेव्हा पहिलटकरीण, माहेरी आलेली. आयटीत असल्यामुळे घरातलं इंटरनेट म्हणजे मीच. मांडीवर लेक, समोर कॉम्प्युटर आणि कानाशी बाबा: ‘दाढी नाही, म्हणजे सुरुवातीच्या सम्राटांपैकी. डोक्यावर पानांचा मुकुट. आता नाक बघ.’ कडेची अक्षरं अर्धी झिजलेली. उरलेल्यांवरून आम्ही एकेक सम्राट बाद करत होतो. तेव्हा इंटरनेट फोनच्याच लाइनवरून चालायचं, म्हणून फोन सतत एंगेज, त्यामुळे सासरचे चिडलेले. शेवटी उरला तो गादीवर आलेला दुसरा सम्राट. बाबांनी नाण्याचा फोटो पडद्यावर मावेल एवढा मोठा केला आणि पुढे त्या फोटोकडेच बघत बसले. नाणेसंग्राहकांच्या बैठकीत जाणकारांनी ‘बरोबर ओळखलंत’ म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. नोकरी गेल्यापासून त्यांना कुणी बरोबर म्हटलंच नव्हतं.

बैठकीच्या दिवशी त्यांनी कपाटातली डबी उघडली, तर रिकामी. नाणं माझ्या लेकीच्या गळ्यात होतं, झबल्याच्या आत, काळ्या दोऱ्यात; मी ते साधं पदक समजत होते. बारशाला नातीच्या गळ्यात चांदी हवी, म्हणून आईनं सोनाराकडून त्याला कडी लावून आणली होती.

‘अहो, मला वाटलं तुमचं बघून झालं.’

‘दोन हजार वर्षांचं आहे ते!’

‘मग एका कडीनं त्याचं काय बिघडणार आहे?’

रोजच्या तेलानं आणि धुरीनं सम्राट कडीसकट काळाठिक्कर पडला होता. सोनाराकडे जायला वेळ नव्हता. तसंच घेऊन आम्ही सगळे स्वारगेटजवळच्या हॉलवर गेलो.

तिथल्या वयोवृद्ध जाणकारांनी भिंग लावलं. ‘दुसरा सम्राट. अस्सल. बरोबर ओळखलंत.’ बाबा फुलले. मग भिंग वर सरकलं. ‘आणि ही कडी! तेव्हा आपल्याकडच्या बायका रोमन नाणी अशीच गळ्यात घालत. ही कडी त्याच काळातली दिसते. फार दुर्मिळ!’ टाळ्या पडल्या.

मी आईकडे पाहिलं. माझ्या लग्नात तिनं गुरुजींचा मंत्र मध्येच थांबवून दुरुस्त केला होता. ती आता पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. बाबांचा चेहरा इतका सुखावलेला होता की मलाही वाटलं, कुणी काही बोलू नये.

टाळ्या थांबल्या आणि बाबाच उठले. ‘कडी आमच्या हिनं लावून घेतलीय. नातीच्या बारशाला.’

जाणकारांनी नाणं पुन्हा भिंगाखाली घेतलं. आता त्यांचा सम्राटावरही विश्वास उरला नव्हता. बराच वेळ उलटसुलट करून ते पुटपुटले, ‘नाणं ठीक आहे.’ या वेळी टाळ्या नव्हत्या. पुढच्या सभासदाचं नाणं मागवलं गेलं.

परतताना रिक्षात आई भडकली. ‘मी तोंड शिवून बसले होते ना? कुणासाठी? तुम्हाला काय गरज होती उठायची?’

बाबा बाहेर बघत म्हणाले, ‘तुला इतकं गप्प बसलेलं बघवेना.’