स्टॅट राहिलेल्यांचा क्लास

मंगळवार पेठेत पिठाच्या गिरणीवर माझा क्लास आहे. स्टॅटिस्टिक्स राहिलेल्या पोरांचा. खालून पीठ उडत येतं आणि बाकांवर बसतं. सकाळी पुसलं तरी संध्याकाळी परत तेवढंच! किस्स्यांचंही तसंच. एक कुणाला तरी सांगून मोकळं व्हावं, तोवर दुसरा हजर. लोक विचारतात, "मॅडम, झेड-स्कोरमध्ये हसण्यासारखं काय असतंय?" अहो, या की एकदा!

माझा नियम एकच. स्टॅटला घाबरून कुणी जिना उतरायचा नाही. माझ्यावर चिडून उतरा, चालेल.

*

सुवर्णा गडमुडशिंगीची. लग्न झालेली, घरी म्हशी, सासरे एकदम कडक. पहिल्या दिवशी दारातूनच बोलायला लागली.

"मॅडम, बी.कॉम.चं सगळं निघालं. स्टॅट तेवढा दोनदा राहिला. यंदा न्हाय निघाला तर आण्णा म्हणत्यात, पुस्तकं माळ्यावर."

आण्णा म्हणजे सासरे. गावातल्या पतसंस्थेत सुवर्णाला नोकरी मिळण्यासारखी होती, पण पदवी पाहिजे होती.

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, माळा भरलाय. जागा न्हाय!"

मला पोरगी तिथंच आवडली. म्हटलं, बस. हिचा स्टॅट काढायचाच.

*

रणजित पैलवान पोरगा. त्याला समजावं म्हणून मी तालमीतलंच गणित घातलं. पोरांचं सरासरी वजन ऐंशी किलो, प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनची सर्वसाधारण तफावत, आठ. "तुझं किती रे?" "बहात्तर." "मग काढ स्वतःचा झेड-स्कोर. वजनातून सरासरी वजा कर आणि विचलनानं भाग."

उत्तर आलं वजा एक. रणजित पेन ठेवून उभाच राहिला.

"मॅडम, मायनस?"

"अरे, मायनस म्हणजे सरासरीच्या खाली, एवढंच. त्यात कसला आलाय अपमान?"

"तालमीत कळलं तर?"

नंतर गडी बरेच दिवस गायब. दिवाळीची सुट्टी संपल्यावर उगवला, तो शर्टाची बटणं ताणलेली! वजन बरोबर ऐंशी. "आता काढा!" म्हणाला. फळ्यावर काढून दाखवला. शून्य.

मला वाटलं, खूश होईल. त्याचा चेहरा एवढासा झाला.

"एवढं दूध, एवढं बदाम... आणि हातात शून्य?"

*

बसू गडहिंग्लजचा. सगळे मॅडम म्हणतात, हा मला अक्का म्हणतो. एकदा मी गणित दिलं, लग्नाचं वऱ्हाड अर्ध्या तासापेक्षा जास्त उशिरा येण्याची संभाव्यता काढा. झेड-स्कोर काढायचा आणि मग तक्त्यात बघून संभाव्यता लिहायची. बसूनं तक्ता उघडलाच नाही. झेड आला एक पूर्णांक चौतीस, तोच ठोकून दिला संभाव्यता म्हणून.

"बसू, संभाव्यता कधी एकाच्या वर जाते का रे?"

"अक्का, वऱ्हाड हाय ते! उशिरा येणार म्हंजे एकशे चौतीस टक्के येणार की!"

पोरांनी बाकं बडवली. मी मार्क काही दिला नाही. पण परवा भाचीच्या लग्नात हार घेऊन उन्हात ताटकळत उभी होते, तेव्हा बसूचं उत्तर मला शंभर टक्के पटलं.

*

याच बसूला पुढं झेड-स्कोर असा काही चढला, की विचारू नका. अकाउंट्समध्ये त्याला साठ मार्क होते, वर्गाची सरासरी सत्तर. माझ्या चाचणीत पंचेचाळीस होते, सरासरी पस्तीस. दोन्हीकडे विचलन दहा. म्हणजे अकाउंट्समध्ये वजा एक आणि स्टॅटमध्ये अधिक एक. हे त्यानं बरोबर काढलं. मी शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन.

"बाई, पोरगं म्हणतंय पंचेचाळीस हे साठपेक्षा जास्त. तुम्ही त्याला शिकवालाय का बिघडवालाय?"

*

आता सुवर्णाचं. सराव पेपरात ती आपटली. तपासताना बघितलं तर सगळीकडे एकच चूक! परीक्षेत जो तक्ता देतात, तो डावीकडचं क्षेत्रफळ सांगतो. गणितात 'यापेक्षा जास्त' असं विचारलं की उजवीकडचं लागतं. मग तक्त्यातला आकडा एकातून वजा करायचा. ही बया वजाच करायची नाही.

मी म्हटलं, "असू दे, होतं असं."

"मॅडम, लाड करू नका. शिव्या द्या!"

दिल्या. मनापासून दिल्या.

तेव्हापासून ती धारा काढताना मोठ्यानं घोकायला लागली. "तक्ता देतो डावीकडचं, उजवीकडचं पायजे तर एकातनं वजा." सकाळ-संध्याकाळ तेच. गोठ्याच्या कट्ट्यावर बसलेले आण्णा ओरडायचे, "अगं, म्हस बिथरंल!" ती आवाज आणखी चढवायची.

परीक्षेला आण्णाच तिला मोटारसायकलवरून घेऊन आले. मीही केंद्राच्या गेटवर उभी होते. नमस्कार केला तर म्हणाले, "बाई, हे शेवटचं. नंतर मला समजवायला येऊ नका." पण आण्णा काही घरी गेले नाहीत. पेपर होईपर्यंत त्या गेटसमोर येरझाऱ्या घालत राहिले.

पेपर सुटला. पोरं बाहेर पडायला लागली. रणजित आला, बसू आला. सगळ्यांच्या शेवटी सुवर्णा. चेहऱ्यावरून काही कळेना. मी विचारायला तोंड उघडलं, तोवर आण्णा मला बाजूला सारून पुढं झाले.

"उजवीकडचं आलंतं काय?"

"आलंतं, आण्णा."

आण्णांनी गाडीची किल्ली मुठीत आवळली.

"मग? एकातनं वजा केलंस न्हवं?"