दिवेलागणीचं बोलणं

कॉलेजातलं अवयवदानाचं व्याख्यान संपलं तेव्हा दिवेलागण झाली होती. मी डायलिसिसवर जगणारा माणूस, म्हणून मुलांना दाखवायला मला व्यासपीठावर बसवलं होतं. सुया टोचून टोचून फुगलेला हात दिसावा म्हणून मी बाही दुमडून आलो होतो. प्राचार्यांनी सत्काराची शाल नेमकी त्याच हातावर पांघरली.

खाली मुलं थर्माकोलच्या हृदयाशेजारी उभी राहून फोटो काढत होती. एका मुलीनं तिथूनच घरी फोन लावला. "आई, मी अवयवदानाचं कार्ड भरलं. उद्या मला काही झालं ना, तर..."

"दिवेलागणीला असलं अभद्र बोलतात का गं?" फोन स्पीकरवर होता. "शुभ बोल जरा! आणि येताना कोथिंबीर आण."

मुलगी हसली. विषय संपला.

व्याख्यात्यांनी यकृतापासून नेत्रपटलापर्यंत सगळं शिकवलं. पण कार्ड भरलं तरी शेवटी घरच्यांनाच विचारतात, आणि घरी हे बोलायचं कधी, ते कुणीच शिकवलं नाही. जेवताना नको, सणावाराला नको, दिवेलागणीला तर नकोच. मग हा विषय निघतो तो थेट अतिदक्षता विभागाच्या दाराशी. काढतो एक परका डॉक्टर. आणि त्यालाही तेच ऐकावं लागतं, असलं अभद्र बोलू नका.

जाता जाता ती मुलगी माझ्या पाया पडली. शाल सावरत मीही शुभच बोललो, "शतायुषी हो."