कोंबड्यांच्या पाण्याची टाकी आणि आमचे हे

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. आमची लेक ओवी झोपेत होती, खिडकीबाहेर समोरचं झाडसुद्धा दिसत नव्हतं एवढं धुकं, आणि ह्यांचा फोन आला. "ऐक, मी आता टाकीत उतरतोय. वर आलो की फोन करतो."

टाकी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं आली माहेरच्या गच्चीवरची काळी प्लास्टिकची टाकी. मी म्हटलं, "अहो, तुम्ही मावाल का तिच्यात?"

हे हसले. "अगं, आपली अख्खी बिल्डिंग मावेल!"

तेव्हापासून किस्से साचत गेले. टाकीत गाळ साचतो तसेच. मधूनमधून ढवळले नाहीत तर तळाला घट्ट बसतात. शेजारची मुग्धाताई म्हणते, लिहून काढ. मी सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून बोलते तसंच लिहिते.

*

आम्ही जर्मनीत इंगोलश्टाटजवळ राहतो. ह्यांची कंपनी मोठमोठ्या स्टीलच्या टाक्या बसवते, दुरुस्त करते. कोंबड्या कापून साफ करायचे कारखाने असतात ना, तिथलं पाणी रक्त, चरबी, पिसं सगळं घेऊन येतं. ते एकदम पुढं सोडता येत नाही. आधी टाकीत साठवायचं, ढवळत ठेवायचं, मग हळूहळू सफाईला सोडायचं. कधीकधी टाकी रिकामी करून कुणालातरी आत उतरून बघावं लागतं. तो कुणीतरी म्हणजे आमचे हे!

आत वाईट हवा साचते. गावाकडं अशा खड्ड्यात उतरलेली माणसं वर न आल्याचं मी लहानपणी ऐकलंय. त्यामुळं मी ह्यांच्याकडून तेच दोन फोन कायमचे कबूल करून घेतले. एक "उतरतोय", दुसरा "आलो वर". मधल्या वेळात मी सुरी हातात घेत नाही, केस विंचरत नाही. मला स्वप्नातसुद्धा ती टाकी दिसते. धुक्यावर तरंगत असते, चंद्रासारखी, आणि आतून कुणीतरी हळूच टकटक करत असतं.

मी हे सगळं फोनवर गावी सासूबाईंना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "कोंबड्या धुतलेल्या पाण्याला एवढा स्टीलचा बंगला? आणि तू त्याची काळजी करतेस? अगं, आपल्याकडं माणसांना पत्रा मिळेना!"

*

मुग्धाताई पुण्याची, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर. तिचा नवरा प्रसाद ह्यांच्याच कंपनीत आहे, पण तो टाक्या कॉम्प्युटरवर काढतो. त्याच्या स्क्रीनवर टाकी कशी, तर फिकट निळी. आत पाणीही निळं. पोहावंसं वाटेल असं!

एकदा साहेबांनी त्याला साइटवर पाठवलं. हा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेला. झाकण उघडलं तेव्हा हा नेमका त्याच्यासमोर उभा.

संध्याकाळी मुग्धाताईनं त्याला घरात घेतलंच नाही. बाल्कनीत उभं केलं, दाराच्या फटीतून चहा दिला. लिंबू झालं, बेसन झालं, आमच्याकडून ओवीचा शाम्पूसुद्धा नेला. वास काही जाईना. शेवटी ती दारातूनच म्हणाली, "काय रे, एवढं भारी सॉफ्टवेअर तुमचं. त्यात वास दाखवायची सोय नाही का?"

*

आता डीटर. हा ह्यांच्या टीममधला सगळ्यात जुना माणूस, रिटायर व्हायला आलेला. ह्याचं काम काय, तर हे आत उतरले की टाकीच्या तोंडाशी उभं राहायचं. बस! जागा सोडायची नाही, खाली उतरायचं नाही, फक्त आतल्या माणसाशी बोलत राहायचं आणि दोरीवर हात ठेवायचा.

मला आधी रागच आला. मी म्हटलं, "अहो, नुसतं उभं राहायचा पगार?"

"नुसतं कुठलं! बोलून बोलून वीट आणतो," हे म्हणाले. डीटर टाकीत वाकून आपल्या टोमॅटोंबद्दल सांगतो, बायकोच्या गुडघ्याबद्दल सांगतो. हे खालून "या, या, गेनाऊ" करत राहतात. म्हणजे हो, हो, अगदी बरोबर.

एके दिवशी टोमॅटोंना कीड लागल्याचं चाललं होतं. ह्यांना कंटाळा आला, हे गप्प राहिले. पुढच्या मिनिटाला डीटरनं भोंगा वाजवला, माणसं धावली, आणि विहिरीतून बादली काढावी तसे हे दोरीवरून वर!

हे चिडले. "अरे, मी ऐकत होतो ना!"

डीटर म्हणाला, "ऐकणाऱ्याचा आवाज येत नाही."

*

मागच्या उन्हाळ्यात एक नवी कोरी टाकी उभी राहिली. पाणी सोडायच्या आधी कंपनीनं सगळ्यांना बायका-मुलांसकट बघायला बोलावलं. बाजूला छोटं दार होतं, त्यातून वाकून आत गेलो.

काय सांगू! वरच्या भोकातून उन्हाचा एकच खांब खाली आलेला. भिंती दुधासारख्या. बाहेरचा ट्रकचा आवाज बंद, वारा बंद. पाऊल टाकलं की त्याचा आवाज गोल फिरून पाठीमागून परत यायचा. ओवीनं किंडरगार्टनमधलं गाणं म्हटलं, तर वीस ओव्या गायला लागल्या. "नोख माल, मामा, नोख माल!" म्हणजे आई, अजून एकदा. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, टाकीनं दोन्ही एकत्र करून परत दिलं. एवढी भीती वाटायची जिची, तिच्यातून मला बाहेर यावंसंच वाटेना.

तेवढ्यात सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. आवाज ऐकून त्यांनी तिकडं पदर डोक्यावर घेतला. "कुठल्या देवळात गेलाय गं?"

मी म्हटलं, "नवीनच आहे, आई."

*

आणि मग तो दिवस. "उतरतोय" आला, "आलो वर" आला नाही.

दुपार झाली. मी फोन लावला, लागेना. ओवीचा भात तसाच राहिला. प्रसाद मीटिंगमध्ये, उचलेना. मुग्धाताई माझा चेहरा बघून म्हणाली, "वहिनी, जॅकेट घाल. ओवीला घे. मी गाडी काढते."

रस्ताभर धुकं. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे तेवढे दिसायचे, तरंगत यायचे, विझायचे.

कारखान्याच्या गेटवर मुग्धाताई जर्मनमध्ये काय ते बोलली. ती ओवीला घेऊन खाली थांबली, मला हेल्मेट मिळालं आणि मी जिना चढले. वर डीटर, टाकीचं झाकण उघडं, आणि बाजूच्या खिळ्याला ह्यांच्या नावाचा बिल्ला. आत उतरताना बिल्ला लावतात, वर आल्यावर ज्याचा त्यानंच काढायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हे मला माहीत होतं. मी तशीच झाकणाकडं धावले.

डीटरनं मला धरलं. "अगं, तो घरी गेलाय!"

हळूहळू कळलं. काम लांबलं, हे नुकतेच वर आले होते. कठड्यावर ठेवलेला फोन धक्का लागून आधीच टाकीत पडला होता. ह्यांना माझा नंबर पाठ नाही, कुणाचाच पाठ नाही! मी घाबरले असेन म्हणून हे तसेच गाडी घेऊन घरी पळाले. त्याच धुक्यातून, आमच्या समोरून.

"मग तुम्ही इथं का उभे?" मी मोडक्या जर्मनमध्ये विचारलं.

डीटरनं बिल्ल्याकडं बोट दाखवलं. "तो अजून आत आहे."

मी त्याच्याशेजारी उभी राहिले. त्यानं थर्मासमधला चहा दिला. थोड्या वेळानं तो वाकला आणि रिकाम्या टाकीत ह्यांच्या नावानं हाक मारली. मग मला म्हणाला, "आता तू."

लग्न झाल्यापासून मी ह्यांचं नाव घेतलेलं नाही. उखाण्यात घेतलं तेवढंच. मी कठडा धरला, वाकले, आणि मोठ्यानं हाक मारली. टाकीनं ती गोल फिरवली, मोठी केली, धुक्यात सोडून दिली.

जिन्यावर पावलं वाजली. घराला कुलूप बघून परत फिरलेले हे धापा टाकत वर आले, मला बघून थबकले.

"कोण बोलावतंय मला?"

डीटर म्हणाला, "आधी बिल्ला काढ."

*

तुमच्या ओळखीत कुणी टाकीत, खड्ड्यात उतरत असेल, इथं किंवा गावाकडं, तर त्याच्या घरच्यांना माझा एवढा निरोप द्या. वर कोण उभं आहे, ते आधी विचारा.